आयडी बनवू नका, खातं देऊ नका

उन्हाळा सरता सरता तेंदूपत्त्याची मजुरी येते. दिवाळीनंतर धानाचे चुकारे जमा होतात. लाडक्या बहिणीचे दीड हजार, निराधारचं अनुदान, पोरांची शिष्यवृत्ती, सुरजागडच्या खाणीवर किंवा कोनसरीच्या कारखान्यात लागलेल्या मुलाचा पगार, बल्लारपूर-घुग्घुसकडच्या कोळसा खाणीतल्या ठेकेदारी कामगाराची मजुरी, असा चंद्रपूर-गडचिरोलीतला बराचसा पैसा आता थेट बँकेच्या खात्यात येतो. खातं मोबाइलला जोडलेलं असतं. हे चांगलंच झालं. मधल्या मध्ये पैसे खाणारे कमी झाले. पण त्याच मोबाइलवर रात्री जेवणं आटोपल्यावर एक मेसेज येतो : नोंदणी करा, पाचशे रुपये बोनस मिळवा. किंवा गावातलाच कुणी ओळखीचा म्हणतो, "आयडी बनवून देतो जी, पाच मिनिटांचं काम आहे."

हे आवाहन त्या पाच मिनिटांबद्दल आहे. ऑनलाइन कॅसिनोची आयडी बनवू नका. बनवली असेल तर आज थांबा. कसं थांबायचं ते पुढे सांगितलं आहे. आणि कुणी चार पैसे देऊन तुमचं बँक खातं वापरायला मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. खेळण्यात पैसा जातो. खातं दिलं की पैसा जातोच, वर पोलिसांची नोटीसही येते.

आधी नोंदणी कशी होते ते जवळून पाहू. लिंक उघडली की पडद्यावर रंगीत चाक फिरत असतं. खालून पट्ट्या सरकत असतात : अमक्याने आत्ता बेचाळीस हजार जिंकले, तमकीने एक लाख. ही माणसं खरी आहेत याला काडीचाही पुरावा नसतो. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, पासवर्ड ठेवा, झालं. अठरा वर्षं पूर्ण आहेत का, एवढं एका चौकटीत टिचकी मारून सांगायचं. आठवीतल्या पोराने टिचकी मारली तरी चालतं. बँकेत साधं बचत खातं उघडायला गेलात तर फोटो, आधार, पॅन, अर्ज, सह्या, आणि दोनदा चकरा. इथे काही नाही. पैसे आत घ्यायचे आहेत तोवर तुम्ही कोण आहात याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

मग पहिला भरणा. पडद्यावर क्यूआर कोड येतो. तो स्कॅन केला की पैसे कुणाला जाणार त्याचं नाव फोनवर दिसतं. ते नाव नीट वाचा. ते कॅसिनोचं नसतं. कुठल्या तरी किराणा दुकानाचं, कुठल्या तरी परगावच्या अनोळखी बाईचं, कपड्याच्या किंवा मोबाइलच्या दुकानाचं नाव असतं. पुढच्या वेळी भरणा केला की दुसरंच नाव. तोच कोड थोड्या वेळाने चालत नाही. आपण दुकानात सामान घेतो तेव्हा समोर दुकानदार असतो, त्याचं नाव आपल्याला ठाऊक असतं. इथे दर खेपेला नाव का बदलतं, एवढा एक प्रश्न जो स्वतःला विचारेल, तो पिन टाकायच्या आधी हात मागे घेईल.

सुरुवातीला थोडं जिंकूही देतात. दोनशेचे पाचशे होतात, आणि ते पाचशे खरोखर खात्यात येतात. या पाचशेमुळेच पुढचे पन्नास हजार जातात. रक्कम वाढली आणि तुम्ही काढायला गेलात की मग कागद मागायला सुरुवात होते : आधारच्या दोन्ही बाजू, पॅन, पासबुकचं पहिलं पान, हातात आधार धरून काढलेला फोटो. आत जाताना काही लागलं नव्हतं, बाहेर निघताना सगळं लागतं. कागद दिले की "पडताळणी सुरू आहे" असं दिवसेंदिवस दिसत राहतं. काही ठिकाणी तर सांगतात, तुमच्या जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर आहे, तो आधी भरा, मग पैसे सोडतो. हे साफ खोटं आहे. ऑनलाइन खेळातल्या जिंकण्यावर तीस टक्के कर आहे हे खरं, पण तो देणाऱ्याने देताना कापून घ्यायचा असतो. पैसे सोडवण्यासाठी आधी पैसे मागणारा प्रत्येक जण ठग आहे, मग तो कर म्हणो, शुल्क म्हणो की अनामत.

आणि एके सकाळी लॉगिनच होत नाही. मी ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बहुतेकांची गोष्ट याच वाक्यापाशी येऊन थांबते : "लॉगिन होऊन नाही राहिलं जी." पासवर्ड बरोबर, नंबर बरोबर, पण ती साइटच त्या पत्त्यावर उरलेली नसते. सरकारने बंद केली, किंवा त्यांनीच गुंडाळली. मग माणूस गुगलवर त्या कॅसिनोचा ग्राहक सेवा क्रमांक शोधतो, आणि तिथे दुसरा चोर टपून बसलेला असतो. तो गोड बोलतो, एनीडेस्कसारखं अॅप फोनमध्ये टाकायला लावतो, तुमचा पडदा त्याच्या पडद्यावर बघतो, आणि खात्यात जे उरलंसुरलं असेल तेही नेतो. बुडालेला लॉगिन परत मिळवायच्या भानगडीत पडू नका. त्या आयडीत दिसणारे पैसे म्हणजे पडद्यावरचा आकडा होता, तो गेला असं समजा. फोन आणि बँक खातं अजून वाचवता येतं.

कुणी म्हणेल, सगळेच फसवे नसतील, एखादा कॅसिनो तरी सचोटीने चालत असेल. तर सचोटीच्या कॅसिनोचा हिशेब करून पाहू. रूलेट नावाचं चाक असतं. त्याच्या युरोपीय पद्धतीत शून्यापासून छत्तीसपर्यंत एकूण ३७ घरं. तुमच्या आकड्यावर गोळी थांबली तर लावलेले पैसे आणि वर त्याच्या ३५ पट मिळतात. आता समजा, तुम्ही ३७ च्या ३७ घरांवर शंभर-शंभर रुपये लावले. लागले ३,७०० रुपये. गोळी कुठेही थांबली तरी तुम्ही जिंकणारच. हातात येतील ३,६००. प्रत्येक आकडा तुमचा असूनही शंभर रुपये गेले. यात लबाडी कुठेच नाही, चाक सरळ आहे, गोळी सरळ आहे. धंदाच असा बांधलेला आहे की जो जितका जास्त वेळ बसेल तितके त्याचे जास्त जातील.

बोनसचंही तसंच. हजार भरा, हजार बोनस घ्या, असं मोठ्या अक्षरात असतं. बारीक अक्षरात असतं की बोनसच्या तीस पट खेळल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. म्हणजे तीस हजारांचे डाव लावायचे. मशीनचा खेळ शंभरातले ९६ परत देतो असं ते स्वतःच सांगतात, म्हणजे चार त्यांचे. तीस हजारांवर शेकडा चार म्हणजे बाराशे. हजाराच्या बोनसपायी सरासरीने बाराशे घालवायचे! तेही ९६ चा आकडा खरा मानला तर. ज्या साइटचा मालक कोण, ती कुठून चालते हेच माहीत नाही, तिचा आकडा तपासायला कोण जाणार? पुष्कळ साइटी खाली लिहितात, आमच्याकडे कुरासावचा परवाना आहे. कुरासाव हे वेस्ट इंडिजकडचं एक बेट आहे. एटापल्लीच्या माणसाने तक्रार घेऊन तिथे कसं जायचं?

"सरकारमान्य कॅसिनो" असा शब्द कुणी वापरला तर तेही ऐकून घेऊ नका. महाराष्ट्रात सरकारमान्य कॅसिनो एकही नाही. १९७६ साली राज्याने कॅसिनोंचा एक कायदा केला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवून टाकलं. गोव्यात कॅसिनो आहेत, पण २०२० पासून तिथल्या सरकारने खुद्द गोवेकरांना कॅसिनोत जायला बंदी घातली आहे. ज्या राज्याला त्या धंद्यातून महसूल मिळतो, ते राज्य आपल्या माणसांना त्यापासून लांब ठेवतं, हे ध्यानात घ्या.

मोठ्या माणसाची जाहिरात पाहून भुलू नका, हेही सांगायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एक व्हिडिओ फिरला. त्यात तो एका खेळाच्या अॅपची तारीफ करताना आणि आपली मुलगी त्यातून पैसे कमावते असं सांगताना दिसत होता. चेहरा त्याचा, आवाज त्याच्यासारखा, आणि व्हिडिओ पूर्ण बनावट. सचिनने स्वतः लोकांना सावध केलं, मुंबईत पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. सचिनचा चेहरा चोरता येतो, तर गावातल्या गुरुजींचा किंवा सरपंचाचाही येतो. डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं, असं आता मोबाइलवर मानता येत नाही.

या धंद्याची खोली कळावी म्हणून आपल्या विदर्भातलीच गोष्ट सांगतो. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली. तक्रारीप्रमाणे, गोंदियाच्या एका बुकीने त्याला ऑनलाइन जुगारातल्या कमाईचं स्वप्न दाखवलं. व्यापारी आधी तयार नव्हता. मग त्याने हवालामार्गे आठ लाख दिले, व्हॉट्सअॅपवर लिंक आली, त्या लिंकवरून त्याने खातं उघडलं, आणि खात्यात आठ लाख जमा दिसले. सुरुवातीला तो जिंकत गेला. शेवटी त्याचे गेले ५८ कोटी. संशय आल्यावर पैसे परत मागितले तेव्हा नकार मिळाला. पोलिसांनी गोंदियातल्या बुकीच्या घरावर छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंच्या हिशेबाने सोनं सापडलं. बुकी त्याआधीच देशाबाहेर निघून गेला होता. नागपूरचा तो माणूस व्यापारी होता, रोज हिशेब करणारा. आयडी कशी बनली, पहिला डाव कसा लागला, मग काय झालं, हे सगळं त्याच्या बाबतीत जसं घडलं तसंच कुरखेडा-मूल-सिंदेवाहीच्या पोरांच्या बाबतीत घडतं. फक्त आकड्यांवरची शून्यं कमी असतात, आणि ज्याच्या घरात दोन एकर धानाशिवाय काही नाही त्याला ती कमी शून्यंही पुरेशी होतात.

दुसरी गोष्ट शेजारच्या राज्यातली. कोरचीहून पूर्वेला निघालं की छत्तीसगड लागतं. राजनांदगाव, मग दुर्ग-भिलाई. याच भिलाईत ज्यूसचं दुकान चालवणारा एक तरुण आणि त्याचा साथीदार दुबईत जाऊन बसले आणि महादेव बुक नावाचं सट्ट्याचं जाळं चालवू लागले, असं सक्तवसुली संचालनालयाचं, म्हणजे ईडीचं, म्हणणं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या त्या तरुणाच्या लग्नात जवळपास दोनशे कोटी रुपये रोखीने उडवले, असंही ईडीने सांगितलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेवसह बावीस अॅप आणि साइटी बंद केल्या. या प्रकरणातली एक गोष्ट आपल्या गावांसाठी फार महत्त्वाची आहे. दुबईतले लोक स्वतः गिऱ्हाईक शोधत नव्हते. त्यांनी गावोगाव, शहरोशहरी "पॅनल", म्हणजे आयडी वाटायच्या शाखा, दिल्या होत्या, आणि ईडीच्या सांगण्याप्रमाणे नफ्याची वाटणी ७०-३० अशी होती. नफा म्हणजे खेळणाऱ्याचं नुकसान. तुम्हाला "आयडी बनवून देतो जी" म्हणणारा तुमचा मित्र असेल, नातलगही असेल, पण या व्यवहारात तुम्ही हरलात तरच त्याला पैसा मिळतो. ज्याच्याकडे यूपीआय नाही त्याच्याकडून तो रोख घेतो, उसनवारी करून देतो, वर सांगतो की आज नाही तर उद्या निघतील.

आता खात्याबद्दल. एवढा पैसा आत-बाहेर करायला त्यांना हजारो बँक खाती लागतात, आणि ती स्वतःच्या नावावर ठेवून चालत नाही. म्हणून ती आपल्यासारख्यांची घेतात. चंद्रपुरात खोली करून राहणारा आयटीआयचा विद्यार्थी, वसतिगृहातला मुलगा, कामाच्या शोधात असलेला मजूर, बचत गटातली बाई, यांना कुणी येऊन सांगतो, नवं खातं उघड, पासबुक, एटीएम, चेकबुक आणि खात्याला जोडलेलं सिम मला दे, तुला काही हजार मिळतील. काही करायचं नाही, नुसतं खातं द्यायचं. क्यूआर कोडवर दिसणारी ती परगावची नावं अशीच तयार होतात. कुठल्या तरी फोनवर उद्या तुमचं नाव तसंच दिसेल.

पुढे काय होतं ते सांगतो. कुठे तरी, दुसऱ्याच राज्यात, कुणी तरी तक्रार करतो की माझे पैसे गेले. पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापाशी येतात, कारण पैसा तुमच्याच नावावर गेलेला असतो. बँक खातं गोठवते. आणि बँकेच्या लेखी तुमचं एकच खातं गुन्ह्यात सापडलं तरी तुमच्या बाकीच्या खात्यांकडेही बोट वळतं. धानाचे चुकारे अडकतात, रोजगार हमीची मजुरी अडकते, मुलीची शिष्यवृत्ती अडकते. नोटीस येते ती परराज्यातल्या पोलीस ठाण्यातून, आणि भामरागडच्या माणसाला अहेरीला जायचं म्हटलं तरी दिवस मोडतो, तिथे हैदराबाद किंवा जयपूर कुठलं? "मी तर फक्त खातं दिलं होतं" हे म्हणणं खरं असलं तरी ते शाबीत करायला वर्षं जातात. म्हणून हात जोडून सांगतो, पासबुक, एटीएम, सिम, ओटीपी, यातलं काहीही कुणाला देऊ नका. सख्ख्या मामेभावाला सुद्धा नाही. दिलं असेल तर आजच बँकेत जा, खातं बंद करायला किंवा एटीएम-सिम थांबवायला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि ठाण्यात जाऊन सांगा. नोटीस येण्याआधी आपणहून सांगितलेलं आणि नोटीस आल्यावर सांगितलेलं, यात फार फरक पडतो.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्यात ठेवलेला नाही. पैसे लावून पैसे मिळवण्याचा ऑनलाइन खेळ चालवणं हाच गुन्हा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख, आणि त्यासाठी पैशांचे व्यवहार करून देणाऱ्यालाही तीन वर्षं आणि एक कोटीपर्यंत. कायदा आल्यावर देशातल्या मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ बंद केले. याचा अर्थ सरळ आहे : आज तुमच्या फोनवर जी लिंक येते ती कायदा न मानणाऱ्याकडून येते.

या कायद्यातली आणखी एक गोष्ट घराघरांत पोचली पाहिजे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. त्याला फसवला गेलेला माणूस मानलं आहे. आपल्याकडे लोक बोलत नाहीत ते दोन कारणांनी, पोलीस आपल्यालाच धरतील ही भीती आणि गावात नाव जाईल ही लाज. पहिली भीती तरी मनातून काढून टाका. जिंकलेले पैसे मात्र कोर्टातून मिळवू असं समजू नका. पैजेचा करार कायद्याने मुळातच निरर्थक ठरवलेला आहे, १८७२ सालापासून. जिंकलात तर दाद नाही, हरलात तर पैसे गेले, असा हा सौदा.

आपल्या भागाला जुगार नवा नाही. कोंबडबाजार आहे, मंडईत झेंडीमुंडी लागते, सट्टापट्टी आहे. ते चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. त्यातही घरं बसली आहेत. पण कोंबडबाजारात कोंबड्याच्या पायाला काती बांधलेली सगळ्यांना दिसते, कोण जिंकलं ते दहा जणांसमोर ठरतं, खिशात आणलेले पैसे संपले की माणूस रिकाम्या हाताने का होईना घरी निघतो आणि अंधार पडला की बाजार मोडतो. मोबाइलवरचा बाजार मोडत नाही. खिसा संपला की बँक आहे, बँक संपली की झटपट कर्ज देणारी अॅप आहेत, जी फोनमधले सगळे नंबर उचलतात आणि हप्ता चुकला की सासऱ्याला, शाळेतल्या सरांना, गावातल्या पाटलाला फोन करून घाण घाण बोलतात. आणि हे सगळं बायकोच्या शेजारी, त्याच खाटेवर, पांघरुणाच्या आत चालू असतं. तिला कळतं ते बियाण्याला ठेवलेले पैसे नाहीत तेव्हा.

म्हणून घरातल्यांना सांगणं आहे. मुलगा किंवा नवरा रात्री उशिरापर्यंत फोन घेऊन दूर बसत असेल, फोन उलटा ठेवत असेल, उसने पैसे मागत फिरत असेल, मोटारसायकल किंवा दागिना गहाण पडला असेल, तर भांडण करायच्या आधी शेजारी बसून विचारा. ओरडलं की तो खोटं बोलेल, आणि खोटं बोलण्यासाठी आणखी पैसे लावेल, कारण गेलेलं भरून काढल्याशिवाय घरी तोंड दाखवता येणार नाही असं त्याला वाटत असतं. गेलेलं भरून काढायची ही धडपडच सगळ्यात जास्त माणसं बुडवते. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून नोंदवला आहे. आजारी माणसाला जसं दवाखान्यात नेतो तसं याला न्या. टेलीमानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ या नंबरवर फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटतो असं तो नुसतं बोलून गेला तरी ते गंभीर धरा, त्याला एकटं सोडू नका, आणि लगेच फोन लावा.

जो अडकला आहे त्याने पैशाच्या बाजूने काय करावं? नुकतेच, आज-काल पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० ला फोन करा. हा सायबर गुन्ह्यांचा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन जाईल तितका पैसा वाटेत अडवता येण्याचा संभव जास्त; दोन दिवसांनी तो चार खात्यांतून फिरून रोख निघून गेलेला असतो. स्वतःहून डाव लावून हरलेले पैसे परत मिळतीलच असं मी सांगणार नाही, पण कर भरा, अनामत भरा म्हणून उकळलेले पैसे ही उघड फसवणूक आहे आणि तिची तक्रार झालीच पाहिजे. तक्रारीआधी काही पुसू नका. क्यूआर कोडचं चित्र, त्यावरचं नाव, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, सगळं जपून ठेवा. चंद्रपूरला आणि गडचिरोलीला सायबर पोलीस आहेत. तिथे जमलं नाही तर जवळच्या ठाण्यात जा. त्यानंतर लिंकवरून उतरवलेलं अॅप फोनमधून काढा, कारण अशी अॅप मेसेज वाचायची परवानगी घेऊन ठेवतात आणि ओटीपी त्यांना आपसूक कळतो. यूपीआयचा पिन बदला. यूपीआयमध्ये ऑटोपे म्हणून एक जागा असते, तिथे त्या नावाचं काही चालू असेल तर रद्द करा. आधार-पॅन दिलं असेल तर संचार साथीच्या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघून घ्या, आणि सिबिलचा वर्षातून एकदा फुकट मिळणारा अहवाल काढून तुमच्या नावावर न घेतलेलं कर्ज चढलं नाही ना, ते तपासा. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलीला सोबत घ्या. आमच्या भागात हे काम मुलींना जास्त चांगलं येतं, असा माझा अनुभव आहे.

आणि एक काम एकट्याने होणार नाही, ते गावाने करायचं आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. ती कुणी वरून आणून दिली नव्हती. गावोगावच्या बाया रस्त्यावर आल्या, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्चसारख्या संस्था सोबत उभ्या राहिल्या, तेव्हा ती झाली. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या निर्णयांबद्दल मतं वेगवेगळी असतील, पण गावाने बसून ठरवलं की गुत्ता हलतो, हे या दोन जिल्ह्यांनी पाहिलं आहे. मेंढा-लेखासारख्या गावाने तर जंगलावरचा आपला हक्क ग्रामसभेच्या जोरावर मिळवून दाखवला. ऑनलाइन कॅसिनोला दार नाही, पाटी नाही, दुबईला जाऊन तो कुणी बंद करू शकत नाही, हे खरं. पण गावात आयडी वाटणारा माणूस कुणाच्या तरी घरात राहतो, कुठल्या तरी पानठेल्यावर बसतो, आणि तो कोण हे गावाला ठाऊक असतं.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायला लावा. सचिवाला आठ दिवस आधी लेखी द्या म्हणजे "वेळेवर येणारे विषय" म्हणून शेवटी गुंडाळला जाणार नाही. ठराव साधाच हवा. गावात कुणी ऑनलाइन जुगाराची आयडी बनवून देणार नाही. कुणी आपलं किंवा दुसऱ्याचं बँक खातं, एटीएम, सिम भाड्याने देणार-घेणार नाही. असं करणाऱ्याची माहिती ग्रामसभा पोलिसांना लेखी देईल. तेंदूच्या फळीवर आणि धान खरेदी केंद्रावर, जिथे पैशांची वाट पाहत लोक बसतात, तिथे १९३० आणि १४४१६ हे दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिले जातील. माडिया-गोंडी बोलणाऱ्या टोल्यांवर ते त्यांच्या भाषेत समजावून सांगितले जातील. आणि अडकलेला कुणी पुढे येऊन बोलला तर त्याला सभेत कुणी हसणार नाही, त्याचं नाव कागदावर घेणार नाही, आणि दोन माणसं त्याच दिवशी त्याच्यासोबत बँकेत आणि ठाण्यात जातील. ती दोन माणसं कोण, त्यांची नावं मात्र ठरावातच लिहून घ्या. त्यातलं एक नाव बाईचं असू द्या.